घर, बिऱ्हाड आणि करदात्याचा निवास

मराठी कोशांत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे शब्द एकमेकांशेजारी अर्थ म्हणून दिलेले आढळले, तरी मराठी बोलणारा मनुष्य त्यांची गल्लत सहसा करीत नाही. ‘घर रत्नागिरीस, बिऱ्हाड गिरगावात’ या वाक्याचा अर्थ कोणास विचारावा लागत नाही. घर बांधतात, बिऱ्हाड थाटतात. घर बुडते, बिऱ्हाड हलते. देव, कुळाचार, भाऊबंदांतील वाटा हे सर्व घराशी निगडित असतात. बिऱ्हाडाशी निगडित असते ते भाडे, आणि बहुधा नोकरी. विंचवाच्या पाठीवरही बिऱ्हाडच असते. या शब्दाचे नाते कानडीतील ‘बिडार’ या मुक्कामवाचक शब्दाशी जोडले जाते, आणि ते मान्य केल्यास ‘सोडून जाण्याजोगी जागा’ ही अर्थच्छटा शब्दाच्या मुळातच होती असे म्हणावे लागेल.

ज्याला दोन ठिकाणी राहण्याची सोय आहे, त्याचा निवास कोणत्या ठिकाणचा मानावा, असा प्रश्न राज्यसंस्थेने करवसुलीच्या निमित्ताने वारंवार विचारलेला आहे. प्रस्तुत लेखक कायद्याचा पदवीधर नाही. तथापि ज्या प्रश्नाचा निर्णय अखेर एका शब्दाच्या अर्थावर ठरतो आणि ज्यासाठी न्यायाधीशांनाही शब्दकोश उघडावा लागला, त्यात भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालणे गैर ठरू नये.

हा प्रश्न वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे. जस्टिनियनच्या संहितेच्या दहाव्या ग्रंथात, म्हणजे राजकोष आणि नगराची ओझी यांविषयीच्या भागात, परस्थ रहिवाशांसंबंधी एक प्रकरण आहे. रोमन नागरिकास आपल्या नगराची कामे व देणी पत्करावी लागत; म्हणून तो कोणत्या नगराचा, हे ठरविणे अगत्याचे होते. डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन या सम्राटांच्या नावावर असलेल्या आदेशात जी कसोटी सांगितली आहे, तिचा आशय असा : मनुष्याने जेथे आपला कुलदेव स्थापिला आणि आपल्या मालमत्तेचा व व्यवहाराचा मुख्य भार ठेवला, ते त्याचे स्थान. तेथून निघाला की तो प्रवासी भासतो. तेथे परतला की प्रवास संपतो. कुलदेवाचा हा उल्लेख मराठी वाचकास परका वाटणार नाही. त्याच प्रकरणात, शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याचा अधिवास त्या गावी मानू नये, मात्र दहा वर्षे लोटून त्याने तेथेच ठाण मांडले असेल तर मानावा, असा हेड्रियनच्या पत्राचा आधार दिलेला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ही मुदत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अधिक महत्त्वाचा आहे तो ‘डायजेस्ट’मध्ये नोंदलेला मतभेद. अनेक ठिकाणी सारख्याच प्रमाणात व्यवहार करणाऱ्या माणसाचे काय? लाबेओच्या मते अशा माणसास कोठेच अधिवास नसतो. इतर कित्येकांच्या मते त्याला त्या सर्वच ठिकाणी असतो, आणि पाउलुस हे दुसरे मत अधिक खरे मानतो. ‘कोठेच नाही’ आणि ‘सर्वत्र’ ही दोन उत्तरे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच दिली गेली होती. पुढील इतिहासात त्यांचीच आलटून पालटून आवर्तने झालेली दिसतात.

इंग्लंडच्या आयकर कायद्याने दीर्घकाळ ‘राहणे’ या अर्थाचे क्रियापद वापरले, परंतु त्याची व्याख्या केली नाही. व्याख्येचे काम न्यायालयांकडे आले आणि प्रथम घर हाच पुरावा ठरला. १९०४ साली निर्णय लागलेल्या कूपर विरुद्ध कॅडवालडर या प्रकरणातील करदाता न्यू यॉर्कचा वकील होता. स्कॉटलंडमध्ये शिकारीसाठी घेतलेल्या घरी तो वर्षातून दोनेक महिने येई. घर सदैव सज्ज असे, एवढ्यावरून तो ब्रिटनचा निवासी ठरला. १९२६ साली लोवेन्स्टाइन या बेल्जियन धनिकाच्या बाबतीतही असेच झाले. लेस्टरशरमधील शिकारीचे घर त्याच्या मालकीचे नसून एका कंपनीचे होते, ही गोष्ट त्याच्या उपयोगी पडली नाही.

दोनच वर्षांनी मात्र घराचा आधारही निसटला. लेव्हीन नावाच्या करदात्याने घर विकून टाकले होते; तो वर्षातील काही महिने परदेशी आणि सुमारे पाच महिने इंग्लंडमध्ये, उभयत्र हॉटेलांत काढी. १९२८ च्या निकालात लॉर्ड चॅन्सेलर केव्ह यांनी ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशातील ‘राहणे’ या क्रियापदाचा अर्थ उद्धृत केला आणि त्या आधारे लेव्हीन निवासी ठरला. त्याच वर्षी लायसाटचे प्रकरणही निकालात निघाले. त्याचे घर व कुटुंब आयर्लंडमध्ये होते. तो केवळ कंपनीच्या बैठकींसाठी दरमहा इंग्लंडात येई आणि हॉटेलात उतरे. तोही निवासी ठरला. पहिल्या दोघांना घर होते म्हणून ते सापडले, दुसऱ्या दोघांना घर नव्हते तरीही सापडले. कोशातील अर्थ हा शब्दाच्या वापराचा सारांश असतो, वापराची सीमा नसते. न्यायालयाने कोश उघडला हे योग्यच झाले. परंतु त्या नोंदीत जे सापडणे शक्य नव्हते ते तिच्याकडून मागितले गेले, असे आम्हांस वाटते.

या सर्व इतिहासात सर्वांत बोधक प्रकरण अमेरिकेतील आहे, आणि त्यापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. जॉन थॉम्प्सन डोरन्स हा रसायनशास्त्रज्ञ. गॉटिंगेन येथे त्याने डॉक्टरेट मिळविली. १८९७ साली त्याने सूप आटवून डब्यात भरण्याची कृती बसविली आणि त्या जोरावर कॅम्बेल सूप कंपनीचा तो पुढे अध्यक्ष व धनी झाला. कंपनीचा कारखाना न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथे. डोरन्सचे जुने घरही त्याच राज्यात सिनामिन्सन येथे होते. १९२५ साली त्याने डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनिया राज्यातील रॅडनॉर येथे एक प्रशस्त वास्तू घेतली. मुली वयात आल्या होत्या आणि फिलाडेल्फियाच्या उच्चभ्रू समाजात त्यांचा वावर असणे कुटुंबास इष्ट वाटत होते. कुटुंब बहुतांशी रॅडनॉरलाच राहू लागले. परंतु डोरन्सने वकिलांचा सल्ला घेऊन आपला अधिवास न्यू जर्सीतच ठेवण्याची काळजी घेतली. सिनामिन्सनचे घर त्याने नोकरचाकरांसह चालू ठेवले, मतदान तेथेच केले, आणि मृत्युपत्रातही स्वतःस न्यू जर्सीचा म्हणवून घेतले. सप्टेंबर १९३० मध्ये तो वारला तोही सिनामिन्सनच्याच घरी. मागे राहिलेली संपत्ती सुमारे साडेअकरा कोटी डॉलरची होती.

अमेरिकन कायद्यानुसार मनुष्याला एका वेळी एकच अधिवास असतो आणि वारसाकराचा मुख्य हक्क त्या अधिवासाच्या राज्याला असतो. लाबेओ व पाउलुस या दोघांचीही उत्तरे येथे बाद होतात. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली निर्णय दिला की डोरन्सचा अधिवास रॅडनॉरचा. त्याची कारणमीमांसा मुळातून वाचण्यासारखी आहे. अधिवासास हेतू लागतो हे खरे. पण तो हेतू अमुक जागेस आपले घर करण्याचा असला पाहिजे. कायद्याने आपल्याला कोठला समजावे याविषयीची इच्छा म्हणजे तो हेतू नव्हे. जो प्रत्यक्षात एका घरी संसार करतो, त्याने दुसऱ्या घराच्या नावाने कितीही वेळा निवेदन केले तरी वस्तुस्थिती बदलत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी याच पुराव्यावरून उलट निष्कर्ष काढला. तेथील जुना अधिवास निर्विवाद होता. तो सोडल्याचे सिद्ध होईपर्यंत तो टिकतो. आणि डोरन्सने तो न सोडण्याचा निश्चय जन्मभर बोलून दाखविला होता. संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्याचे नाकारले. परिणामी दोन्ही राज्यांनी, प्रत्येकी एक कोटी डॉलरहून अधिक, कर वसूल केला. एकाच माणसाचा ‘एकमेव’ अधिवास दोन राज्यांत असल्याचे दोन अंतिम निकाल अशा रीतीने कायम राहिले.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर डोरन्सचे म्हणणे असे होते की सिनामिन्सनला घर आणि रॅडनॉरला बिऱ्हाड. पेनसिल्व्हेनियाने म्हटले की जेथे बायकामुले, जेवणावळी आणि रोजचा संसार आहे त्याला बिऱ्हाड कोण म्हणेल? मराठीतील हा शब्दभेद येथे पुरा पडला असता काय? आमच्या मते नाही. ‘घर कोकणात’ म्हणणाऱ्या गिरगावकराचे विधान आपण मान्य करतो, कारण त्याची गिरगावातील खोली त्या विधानाला विरोध करीत नाही. त्याच खोलीच्या जागी पन्नास दालनांचा वाडा असता, तर त्यास बिऱ्हाड म्हणणे हे विनयाचे वा धूर्तपणाचे लक्षण ठरले असते. शब्दाची निवड बोलणाऱ्याच्या हाती असते. परंतु ती ऐकणाऱ्याला पटावी लागते, आणि कर-अधिकारी हा स्वभावतःच न पटणारा श्रोता आहे.

डोरन्सच्या बाबतीत जे घडले नाही ते कर्नल एडवर्ड ग्रीन याच्या बाबतीत घडले, आणि त्याचे कारण निव्वळ अंकगणिती आहे. हेटी ग्रीन या विख्यात धनाढ्य स्त्रीचा हा पुत्र १९३६ साली वारला. तो स्वतःस टेक्ससचा म्हणवीत असे. घरे मात्र फ्लॉरिडा, न्यू यॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स येथेही होती. निव्वळ मिळकत सुमारे ३ कोटी ६१ लाख डॉलर होती, आणि केंद्राचा व चारही राज्यांचा दावा जोडला तर करांची बेरीज सुमारे ३ कोटी ७७ लाखांवर जात होती. सर्व दावेदारांचे देणे मृताच्या मिळकतीतून भागणार नाही, तेव्हा हा राज्याराज्यांमधील खरा तंटा आहे, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने तो चालविला आणि १९३९ साली मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने निर्णय दिला. डोरन्सची संपत्ती दोन्ही राज्यांना पुरून उरत होती, म्हणून त्याला दोन सत्ये मिळाली. ग्रीनची पुरत नव्हती, म्हणून त्याला एक मिळाले.

नेमक्या याच सुमारास हिंदुस्थानात निराळा मार्ग निघाला. १९२२ च्या आयकर अधिनियमात १९३९ च्या दुरुस्तीने ‘निवासी’ या शब्दाची प्रथमच तपशीलवार व्याख्या घातली. एखादी व्यक्ती त्या वर्षात एकूण १८२ दिवस देशात असेल तर निवासी. पूर्वीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस राहिलेली व्यक्ती नैमित्तिक भेटीखेरीज अन्य कारणाने आली तर निवासी. आणि येथे आपल्या विषयाशी थेट संबंध येतो : जी व्यक्ती १८२ दिवस देशात राहते घर राखते, किंवा जिच्यासाठी ते राखले जाते, ती त्या वर्षात केव्हाही, कितीही थोडा वेळ, देशात आली तरी निवासी. घर आणि एक पाऊल, एवढे पुरे.

या कलमाचा रोख कोणावर पडला हे पाहण्यासाठी तमिळ प्रदेशातील चेट्टिनाडकडे वळावे लागते. नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारांचे व्यवहार ब्रह्मदेश, सिलोन, मलाया येथे पसरलेले होते. पुरुष बहुधा तीन-तीन वर्षांच्या मुदतीने पेढीवर जात. कुटुंबे चेट्टिनाडातील मोठमोठ्या वडिलोपार्जित घरांत राहत. १९३७ च्या १ एप्रिलला ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानापासून अलग झाला आणि तेथील उत्पन्न परदेशी ठरले. पूर्वीच्या नियमानुसार निवाशाचा परदेशी व्यापारातील नफा तीन वर्षांच्या आत देशात आणला तरच त्यावर कर बसे. १९३९ पासून निवाशाच्या परदेशी उत्पन्नावर, ते देशात आणलेले नसले तरी, ४,५०० रुपयांची वजावट देऊन कर आकारला जाऊ लागला. रंगूनच्या पेढीवर बसलेला सावकार एखाद्या लग्नकार्यासाठी चार दिवस गावी आला, की त्याच्या घराने त्याला निवासी केलेच. यावर उतारा म्हणून कायद्याने ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नसलेला’ असा एक वर्ग निर्माण केला. मागील सात वर्षांत जो एकूण दोन वर्षांहून अधिक काळ देशात नव्हता, तो या वर्गात बसे. विशेषणाला असे क्रियाविशेषण जोडून पुन्हा त्याचा निषेध करण्याची वेळ येते, तेव्हा मूळ विशेषण फार रुंद झाले आहे असे समजावे.

गोव्याचा संबंध येथे सहज ध्यानात येईल. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा भारताच्या दृष्टीने परमुलूख होता, आणि भारताचा आयकर तेथे १९६३ साली लागू झाला. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या ‘कूड’ नामक वसतिस्थानांत राहणारा सासष्टीचा खलाशी किंवा आचारी दिवसांच्या मोजणीने भारताचा निवासी ठरू शके; त्याचे घर मात्र त्याच्या स्वतःच्या मते मांडवी-झुआरीच्या देशात असे. ‘कूड’ हा शब्दही बिऱ्हाडाच्याच कुळातला म्हणावा लागेल, अर्थात अर्थाने.

राहते घर ‘राखणे’ म्हणजे काय, याचा ऊहापोह पुढे बराच चालला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणातील करदात्याचा धंदा सिलोनात होता आणि गावी त्याच्या वडिलांच्या एकत्र कुटुंबाचे घर होते. न्यायालयाने म्हटले की ‘त्याच्यासाठी राखलेले’ या शब्दांत, दुसऱ्या कोणी ते त्याच्या सांगण्यावरून वा विनंतीवरून राखले असल्याचा भाव आहे. केवळ मुलगा म्हणून घरात उतरता येते एवढ्याने ते त्याच्यासाठी राखलेले होत नाही. इंग्रजी वाक्यरचनेचे हे पृथक्करण निर्दोष आहे. तथापि एकत्र कुटुंबातील घर ‘कोणासाठी’ राखले जाते, हा प्रश्नच आपल्याकडे थोडा विचित्र वाटतो. ते कोणा एकासाठी राखलेले नसते. ते असते, आणि येणारा येतो.

१९६१ च्या नव्या अधिनियमातही हे कलम कायम होते. १९८२ च्या वित्त अधिनियमाने ते वगळले आणि १ एप्रिल १९८३ पासून घर हे निवासाचे गमक उरले नाही. आखातात किंवा इंग्लंडात नोकरी करणाऱ्याने कुटुंबासाठी साताऱ्यास घर ठेवले, तर त्या घरामुळे तो आता निवासी होत नाही. मागे राहिले ते दिवस. १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आलेल्या २०२५ च्या आयकर अधिनियमानेही दिवसांचीच पद्धत पत्करली आहे.

दिवस मोजता येतात, हा त्यांचा मोठा गुण. परंतु १८२ हा आकडा पाहा. ३६५ चा निम्मा साडेएकशे ब्याऐंशी होतो. म्हणजे १८२ दिवस हे निम्म्याहून किंचित कमी आहेत. ब्रिटनचा आकडा १८३ आहे. दोन्हींकडे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होत असल्यामुळे, वर्ष काटेकोर वाटून घेणारा मनुष्य दोन्ही देशांचा निवासी ठरू शकतो, आणि पाउलुसचे उत्तर पुन्हा समोर येते. अशा वेळी उभय देशांतील करारांकडे जावे लागते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या नमुना मसुद्यात यासाठी कसोट्यांची उतरंड लावली होती, आणि भारताच्या अनेक करारांत तीच आढळते. कायमचे घर कोठे आहे, हा पहिला प्रश्न. दोन्हींकडे असेल तर व्यक्तिगत व आर्थिक संबंध कोठे अधिक निकटचे आहेत, हा दुसरा. तेही ठरेना तर नित्याचे वास्तव्य, आणि मग राष्ट्रीयत्व. दिवसांच्या मोजणीने दाराबाहेर घातलेले घर करारांच्या खिडकीतून आत आले आहे, आणि दुसरी कसोटी तर कुलदेव व मालमत्तेचा भार यांची आठवण करून देते. ब्रिटनने २०१३ साली निवासाचे नियम प्रथमच कायद्यात ग्रथित केले, त्यातही ‘घर’ परतलेच. मात्र सुटीपुरते वापरले जाणारे घर हे घर नव्हे, अशी पुस्ती जोडावी लागली. कॅडवालडरला ही पुस्ती एकशे नऊ वर्षे उशिरा मिळाली.

दोन घरांचा प्रश्न भारतीय आयकरात आणखी एका जागी आहे, आणि तेथे कायद्याने अगदी निराळा सूर लावला. घराच्या उत्पन्नावरील कर ठरविताना मालक स्वतः राहतो त्या घराचे मूल्य शून्य धरीत. दुसरे घर रिकामे असले तरी त्याचे भाडे आले असे कल्पून कर आकारीत. दोहोंपैकी राहते कोणते, हे निवडण्याचा अधिकार १९६१ च्या अधिनियमाने करदात्यालाच दिला होता. डोरन्सला जे नाकारले गेले ते येथे आपणहून देऊ केले होते, कारण पणाला लागलेली रक्कम लहान होती. याच कलमात, नोकरी-धंद्यासाठी परगावी दुसऱ्याच्या जागेत राहावे लागते म्हणून स्वतःच्या घरात राहता येत नाही, अशा मालकाचे घरही राहतेच समजावे, अशी तरतूद होती. रत्नागिरीचे घर आणि गिरगावचे बिऱ्हाड यांचे इतके नेमके वर्णन मराठीतील एखाद्या वाक्यानेही केले नसते. २०१९ च्या वित्त अधिनियमाने पुढे दोन घरांना ही सवलत दिली, आणि दोनच घरे असणाऱ्या मालकापुरता निवडीचा प्रश्न मिटला.

परिभाषेविषयी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आपण मराठीत एका संकल्पनेस ‘निवास’ आणि दुसरीस ‘अधिवास’ असे शब्द योजले. दोन्ही ‘वस्’ धातूचे. भेद केवळ उपसर्गाचा. इंग्रजीतील शब्दांची मुळे भिन्न आहेत : एकात लॅटिनमधील ‘बसणे’ आहे, दुसऱ्यात ‘घर’ आहे. आपल्या पर्यायांत घर राहिलेच नाही, आणि म्हणून ‘अधिवास प्रमाणपत्र’ मागणाऱ्या विद्यार्थ्यास तो कागद राहण्याचा आहे की घराचा, हे शब्दावरून कळत नाही. कचेरीबाहेरच्या रांगेत तो ‘डोमिसाइल’च म्हणतो.

राहता राहिला लाबेओचा मनुष्य, ज्याला कोठेच अधिवास नाही. घरे चार, दिवस कोणत्याही देशात पुरेसे नाहीत, अशी आखणी करणारे धनिक विमानप्रवासाच्या युगात विपुल झाले. २०२० च्या वित्त अधिनियमाने त्यांची दखल घेतली. जो भारतीय नागरिक अधिवास वा निवास यांच्या आधारे अन्य कोणत्याही देशात करपात्र नाही, आणि ज्याचे परदेशी स्रोत वगळता उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे, तो भारताचा निवासी मानला जाईल. त्याला येथे घर आहे की बिऱ्हाड, आणि तो वर्षातून एक दिवस तरी येथे आला होता काय, हे या कलमान्वये विचारलेच जात नाही.